सातव्या जागेची घुसळण

४ ऑक्टोबर

एकदाचा पोचलो. जीपवाल्याने पुलापाशी उतरवलं आणि तिथून चौकीपर्यंतची चढण मी जाळी, बाटल्या आणि स्वतःचे गुडघे सांभाळत चढलो. चौकी म्हणजे दोन खोल्या, एक लोखंडी शेगडी आणि खिडकीखाली ओढा. ओढ्याचा आवाज इथे बंद करता येत नाही. खिडकी लावली तर तो फरशीतून येतो.

काम चार दिवसांचं आहे. ओढ्यावरच्या सात जागांतून पाण्यातले किडे गोळा करायचे, मोजायचे, आणि सातव्या जागेपासून पाणी नळात घालून खाली वीजघराकडे वळवलं तर काही बिघडतं का ते लिहायचं. निघताना साहेब म्हणाले, "अहो, अकरा वर्षांपूर्वी तुम्हीच पडताळणी केली होती ना? सातव्या जागेवर काही जगत नाही, हे तुमचंच वाक्य. 'जुना निष्कर्ष कायम' एवढं लिहा, सही ठोका आणि या." साहेबांना माझं वाक्य पाठ आहे. मलाही आहे.

माझा थोरला भाऊ, दादा, याच खात्यात होता आणि याच ओढ्यावर वीस वर्षं होता. सातव्या जागेवर तो दर महिन्याला चाळीस-पन्नास 'दोनशेपट्या', म्हणजे दोन शेपट्यांचे किडे, नोंदवायचा. या किड्याला थंड, स्वच्छ, धावतं पाणी लागतं, त्यामुळे त्या आकड्यांना वजन होतं. वर कुणाला तरी ते जास्त वाटले. खात्यात किडे ओळखणारा दुसरा फक्त मी, म्हणून पडताळणीला मला पाठवलं. माझ्या ट्रेमध्ये एकही दोनशेपटी निघाली नाही. भाऊच भावाला खोटं ठरवतोय म्हटल्यावर कुणी दुसरा पुरावा मागितला नाही. घरी बसून आकडे लिहिले असा ठपका ठेवून दादाला काढलं. नियमाप्रमाणे माझ्या नमुन्याचा अर्धा भाग बाटलीत घालून त्याला पाठवला होता. त्याने हरकत घेतली नाही. हरकत घेतली असती तर गोष्ट वेगळी होती, असं मी तेव्हापासून स्वतःला सांगत आलोय.

तीन वर्षांपूर्वी तो गेला. मी तासभर जाऊन आलो होतो.

चौकीच्या मागच्या खोलीत खुंटीवर त्याचे कमरेपर्यंतचे रबरी बूट अजून लटकत आहेत. कुणी काढले का नाहीत कोण जाणे.

५ ऑक्टोबर

पहिल्या तीन जागा उरकल्या. गुडघे बोलू लागलेत, पण निवृत्तीला चौदा महिने राहिलेल्या माणसाने गुडघ्यांचं ऐकू नये.

या कामाला आम्ही दोघं भाऊ 'घुसळण' म्हणायचो. जाळी प्रवाहाच्या खालच्या अंगाला धरायची, वरच्या अंगाला पायाने दगड घुसळायचे, बरोबर तीन मिनिटं. जे सुटतं ते वाहत जाळीत येतं. मग पांढऱ्या ट्रेमध्ये ओतायचं आणि चिमट्याने वेचायचं. बारशाचं कामही दादानेच केलेलं. दोनशेपट्या, तीनशेपट्या, आणि वाळूचे कण चिकटवून अंगाभोवती नळी बांधतात त्या घरवाल्या. दादा म्हणायचा, "घरवालीचं घर बघून सांगता येतं ती कुठे राहते. खळाळातली असली तर जड खडे लावते, नाहीतर वाहून जाईल. संथ पाण्यातली असली तर पानांच्या तुकड्यांवर भागवते. माणसासारखंच आहे, जागा बघून घर."

त्याचे नियमही होते. बाटलीतली चिठ्ठी पेन्सिलीने लिहायची, कारण अल्कोहोलमध्ये शाई पळते. तीन मिनिटं मध्येच सोडायची नाहीत, वाघ आला तरी. आणि उलटलेला दगड हिरवी बाजू वर करून परत ठेवायचा. "कुणाचं घर उलटं टाकून जायचं नाही." मी या शेवटच्या नियमात कायम कच्चा. घाई असते.

६ ऑक्टोबर

सकाळी सहाच्या सुमारास जाग आली ती आवाजाने. ओढ्याचा आवाज होताच, पण त्याच्या आत दुसरा एक होता. दगडावर दगड, खर्र, खर्र, मध्ये पाण्याचा सपका. मी गादीत पडून ऐकत राहिलो. मग अचानक थांबला. का कोण जाणे, मी घड्याळ बघितलं होतं. तीन मिनिटं.

बाहेर पांढरं धुकं. काही दिसलं नाही.

दिवसभरात उरलेल्या चार जागा केल्या. चौथी, पाचवी, सहावी घोट्याएवढ्या पाण्यातल्या, सोप्या. सहाव्या जागेवर नऊ दोनशेपट्या मिळाल्या. वरून वाहत आल्या असतील. वर म्हणजे कुठे, ते तक्त्यात विचारलेलं नाही.

सातव्या जागेवर पाणी पांढरं होऊन उडत होतं. तिथला मोठा खडक, त्यावर दादाने रंगवलेला सात, सगळं होतं तसंच. मी माझ्या नेहमीच्या ठिकाणी उभा राहिलो, डावीकडच्या झाडाखाली, जिथे पाणी जरा समजूतदार आहे. खळाळापासून चार पावलं. चार पावलांनी काय होतंय. तक्त्यात 'खळाळ' असा रकाना आहे आणि 'संथ काठ' असा रकाना आहे, 'खळाळाशेजारी' असा नाही. सातवी जागा ही खळाळाची जागा म्हणून ठरलेली आहे. तसं लिहिलं.

लाल अळ्या तेवीस, गाळकिडे अकरा, दोनशेपट्या शून्य. जुना निष्कर्ष कायम.

७ ऑक्टोबर

आज पुन्हा आवाज. पुन्हा तीन मिनिटं. मग थोड्या वेळाने आणखी वर, पुन्हा तीन.

उजाडल्यावर सातव्या जागेवर गेलो. काल मी झाडाखाली उलटेपालटे टाकलेले दगड सगळे सरळ होते, हिरवी बाजू वर. एकूण एक. मी काल ते तसे ठेवले नव्हते हे मला शपथेवर सांगता येईल, कारण मी कधीच ठेवत नाही.

परत येऊन मागच्या खोलीत गेलो. दादाचे बूट ओले होते. टाचेजवळ एक ठिगळ होतं आणि त्या ठिगळाचं रबर ताजं होतं.

चौकी सांभाळणारे काका शेगडी पेटवत होते. विचारलं, "काका, हे बूट ओले कसे?"

"धुकं असतं ना इथं," ते राखेशी बोलल्यासारखं बोलले.

"धुकं बुटाच्या आत शिरून टाचेपर्यंत जातं?"

"इथलं धुकं जातं."

"आणि सकाळी ओढ्यात कोण असतं?"

काकांनी माझ्याकडे पहिल्यांदा नीट बघितलं. "तुम्हाला ऐकू येतं होय? बरं आहे की. चहा घ्या."

बरं काय आहे त्यात, ते त्यांनी सांगितलं नाही. मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारा माणूस नाही. पण खाई त्याला खवखवे म्हणतात. ज्याला आम्ही उपाशी मारलं तो आपल्या जागेवर येत असेल तर त्याला नाही कसं म्हणणार? 'आम्ही' लिहिलं आहे. खात्याने, असं म्हणायचं होतं.

८ ऑक्टोबर

पुलाजवळ वहिनींकडे जाऊन आलो. गेलो नसतो तर काकांनीच जाऊन सांगितलं असतं, मग आणखी वाईट.

वहिनींनी दार उघडलं, "या भाऊजी," म्हणाल्या आणि चहा टाकला. तीन वर्षांत केस पांढरे झालेत, पण पाठ ताठ आहे. हाताच्या बोटांची कातडी मात्र पाण्यात राहून सुरकुतावी तशी, आणि नखांजवळ चिरा. भांड्यांचं काम फार पडत असावं. एकटीला एवढी भांडी कुठून, हा विचार मनात आला आणि गेला. भिंतीवरच्या कॅलेंडरवर दर महिन्याच्या पाच, सहा, सात आणि दहा तारखांना पेन्सिलीचे गोल होते. औषधाच्या असतील.

"ओढा कसा वाटला?" त्यांनी विचारलं.

"होता तसाच."

"सातवी जागा?"

"तिथे काही नाही, वहिनी. तेव्हाही नव्हतं."

कपात साखर ढवळता ढवळता त्यांचा चमचा थांबला. मग पुन्हा फिरू लागला. "पाणी कमरेच्या वर होतं का त्या दिवशी? तेव्हा, अकरा वर्षांपूर्वी?"

"आठवत नाही," मी म्हटलं. "जुनी गोष्ट."

"हो. जुनी आहे."

निघताना धीर करून विचारलं, की दादाचे बूट चौकीत कशाला ठेवलेत, घरी का आणले नाहीत. त्या म्हणाल्या, "वापरातली वस्तू जिथल्या तिथे बरी." म्हातारपणी माणसं गेलेल्या माणसाबद्दल तो असल्यासारखं बोलतात. मला वाईट वाटलं त्यांचं.

९ ऑक्टोबर

सकाळी आवाज नव्हता. तरी सहाला उठून बसलो होतो. नव्हता म्हणून बरं वाटायला हवं होतं.

तक्ता भरून तयार आहे, सही राहिली आहे. दिवसभर सही केली नाही. त्याऐवजी ही जुनी गोष्ट लिहितो.

मी सात वर्षांचा होतो. घरामागच्या ओढ्यावर एक फळी टाकलेली होती. तिच्यावर चढू नको असं दादाने दहा वेळा सांगितलं होतं. चढलो, पडलो. पाणी फार नव्हतं म्हणतात, पण माझ्या तोंडात, नाकात, डोळ्यांत दुसरं काही नव्हतं. दादा बारा वर्षांचा. त्याने उडी मारली आणि माझ्या चड्डीचा पट्टा धरून मला बाहेर ओढलं. घरी गेल्यावर बाबांना म्हणाला, "मीच त्याला फळीवर चढवलं." साफ खोटं. मार त्याने खाल्ला. मी टॉवेल गुंडाळून बघत बसलो आणि एक अक्षर बोललो नाही.

तेव्हापासून वाहत्या पाण्यात माझे पाय लटपटतात. घोट्यापर्यंत चालतं. गुडघ्याच्या वर आलं की संपलं. नोकरीत हे कुणाला कळू दिलं नाही. ओढ्यांचं खातं, आणि पाण्याला भिणारा माणूस. दादाला अर्थात माहीत होतं.

ही गोष्ट आज का लिहिली, ते कळत नाही. म्हणजे कळतं.

१० ऑक्टोबर

अक्षर लागणार नाही. तरी लिहितो.

सहा वाजून दहा मिनिटांनी आवाज आला, वरून, सातव्या जागेकडून. मागच्या खोलीत डोकावलो. खुंटी रिकामी होती. मी चपला घालून तसाच धावलो. धुक्यात पुढचा दगडही दिसत नव्हता. झाडापाशी पोचलो आणि थांबलो.

खळाळाच्या मधोमध दादा उभा होता. त्याचे बूट, त्याची कानटोपी, खांदे पुढे वाकलेले. डावा पाय रोवलेला आणि उजवा घुसळतोय. तीच लकब. पाणी मांड्यांना धडकून दोन बाजूंना फुटत होतं.

"दादा!" मी हाक मारली. पाठ वळली नाही. पुन्हा मारली. पाय घुसळत राहिला.

मला वाटलं, आता तो वळेल आणि विचारेल, आणि मग मी काय सांगणार. तो वळायच्या आत सांगून टाकावं, एवढंच सुचलं. मी ओरडलो. "दादा, मी आत गेलोच नव्हतो! पाणी चढलं होतं, मला भीती वाटली! मी इथे उभा होतो, या झाडाखाली! तो काठावरच्या गाळातला नमुना होता आणि मी खळाळ लिहिलं! तुझे आकडे खरे होते, मला माहीत होतं, मला तेव्हाच माहीत होतं!"

अकरा वर्षं जे मी बायकोलाही सांगितलं नाही, या वहीलाही नाही, ते मी धुक्याला सांगितलं. रडू आलं, ते आवरलं नाही.

पाय घुसळतच होता. मग थांबला. जाळी अलगद वर आली. ती व्यक्ती वळली आणि कानटोपी मागे सारली.

वहिनी.

"तीन मिनिटं मध्येच सोडायची नसतात, भाऊजी," त्या म्हणाल्या. धाप लागली होती. "पण ऐकलं मी सगळं."

त्या काठावर आल्या आणि काही झालं नाही अशा थाटात जाळी ट्रेमध्ये उलटी केली. पांढऱ्या ट्रेमध्ये काळ्या-पिवळ्या दोनशेपट्या चहूकडे पळाल्या. वहिनींनी मोजल्या, ओठ हलवत. "सत्तेचाळीस. मागच्या महिन्यात एकावन्न होत्या." कमरेच्या पिशवीतून वही काढली आणि पेन्सिलीने लिहिलं.

मी विचारलं, "तुम्ही हे केव्हापासून..."

"नोकरीवरून काढल्यावरही ते यायचे. काका बूट खुंटीवर ठेवायचे, कुणाला बोलायचे नाहीत. आठ वर्षं एक महिना चुकवला नाही. शेवटी त्यांना चालवेना, तेव्हा मी उतरायला लागले आणि ते काठावर खुर्ची टाकून बसायचे. ओरडायचे माझ्यावर, टाच दाब, टाच दाब म्हणून. ते गेले तो एक महिना कोरा आहे. बाकी सगळे भरलेत."

"दगड तुम्हीच सरळ केलेत? माझे?"

"मग कोण करणार? घर उलटं टाकून आला होतात."

"दादाला कळलं होतं?"

"बाटली उघडली त्याच दिवशी. लाल अळ्या आणि गाळकिडे बघून म्हणाले, हा झाडाखाली उभा होता. ओढ्याला चार पावलं म्हणजे दुसरा गाव असतो, भाऊजी. तुम्हाला काय ते शिकवायचं."

"मग बोलला का नाही?"

"मी भांडले. म्हटलं, मी जाते खात्यात. तर मला शपथ घातली. म्हणाले, धाकटा येईल आणि स्वतः सांगेल, त्याचं त्यालाच सांगू दे. मी म्हटलं, बसा वाट बघत." त्या ट्रेमधलं पाणी न्याहाळत होत्या. "बसले."

मी माफी मागितली. आणखी काय करणार होतो. वहिनी म्हणाल्या, "त्यांनी राग धरलाच नव्हता, तेव्हा त्यांच्या वतीने मी काय माफ करू? माझा अकरा वर्षांचा आहे. तो राहू दे सध्या." मग किडे अलगद पाण्यात सोडले, ट्रे विसळला आणि काठावर बसून बूट उतरवले. "घाला. तक्त्यावर सही तुमची लागते, माझी कोण धरतंय. आता तुम्ही."

बूट मला एक नंबर मोठे होतात. वहिनी माझ्यामागे खडकांवरून सरकत आल्या आणि त्यांनी माझा कमरेचा पट्टा पाठीमागून धरला, घट्ट, दोन्ही हातांनी. पहिल्या पावलाला पाणी पोटरीवर, तिसऱ्याला मांडीवर. चौथं मी टाकलं की पाण्याने ओढलं ते सांगता येणार नाही. डोळे मिटले तेव्हा वहिनी ओरडल्या, "डोळे उघडा आणि टाच दाबा!" दाबली. पायाखाली दगड हलला, त्याच्याखाली गाळ नव्हता, पोकळ्या होत्या, आणि त्यांतून थंडगार पाणी धावत होतं. तीन मिनिटं एवढी लांब असतात हे मला नव्याने कळलं.

बावन्न दोनशेपट्या. तीनशेपट्या मोजता मोजता थकलो. एक घरवाली, जड खड्यांची.

मग मी पाण्यात परत जाऊन उलटलेले दगड सरळ केले. त्यांपैकी दोन वहिनींना पसंत पडले नाहीत, ते पुन्हा केले.

१२ ऑक्टोबर

काल दोन अहवाल लिहिले. एक यंदाचा. त्यात सातव्या जागेचे दोन नमुने दिले, काठाचा आणि खळाळाचा, शेजारी शेजारी, कोण कुठे राहतं ते नीट मांडून. पाणी नळात गेलं तर खळाळ आटून सगळाच काठ होईल आणि हे प्राणी संपतील, असं स्पष्ट लिहिलं. दुसरा अकरा वर्षांपूर्वीचा, दुरुस्त. 'सदर नमुना खळाळातील नसून संथ काठावरील होता. नोंद मी जाणूनबुजून चुकीची केली. मूळ नोंदी खऱ्या होत्या.' दादाचं पूर्ण नाव, हुद्दा लिहिला. सही केली.

पाठवण्याआधी साहेबांना फोनवर वाचून दाखवलं. मग ते म्हणाले, "अहो, चौदा महिने राहिलेत तुमचे. स्वतःच्या पायावर कुऱ्हाड मारून घेताय."

"कुऱ्हाड जुनीच आहे, साहेब," मी म्हटलं. "मारली होती दुसऱ्याच्या पायावर."

त्यांनी विचार करायला दोन दिवस दिले. मी पाकीट आज सकाळीच टपालवाल्याच्या हातात दिलं. चौकशी होईल, निवृत्तीवेतन अडकेल. बायकोला फोन केला. ती आधी रडली, मग म्हणाली, "इतकी वर्षं झोपेत दादा दादा करायचास, ते हे होतं होय?" मी झोपेत बोलतो हे मला माहीत नव्हतं.

परतीच्या वाटेवर वहिनींकडे थांबलो. त्यांनी विचारलं, "पत्र गेलं?"

"गेलं."

"नक्की? ओढ्याला सांगणं सोपं असतं."

टपालाची पावती दाखवली. ती त्यांनी चष्मा लावून वाचली. मग आत जाऊन एक बाटली आणली. काच पिवळट पडली होती, बुचावर मेण होतं. अकरा वर्षांपूर्वी नियमाप्रमाणे दादाला पाठवलेला माझ्या नमुन्याचा अर्धा भाग. तळाशी रंग उडालेल्या अळ्या होत्या. माझ्या चिठ्ठीच्या शेजारी, काचेला आतून चिकटलेली, दुसरी चिठ्ठी.

"खात्याला सांगेल तेव्हाच दे म्हणाले होते. मी उघडलेली नाही."

खिडकीपाशी जाऊन बाटली उजेडात धरली. पेन्सिलीचं अक्षर जसंच्या तसं होतं. दादाने आपल्या नेहमीच्या पद्धतीने लिहिलं होतं, एकाखाली एक.

'जागा सात. संथ काठ, झाडाखाली.
नमुना घेणारा: धाकटा.
शेरा: त्या दिवशी पाणी फार होतं. पोर आत गेलं नाही ते बरं झालं.'

त्या दिवशी मी शेहेचाळीस वर्षांचा होतो.